एक निवडणूक, एक कौल : गोवा १९६३ ते १९६७

सोमवार, ९ डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान झाले. आदला दिवस रविवारचा होता आणि तो अमलोद्भव मातेच्या सणाचाही दिवस होता. पणजीच्या टेकडीवरील पांढरेशुभ्र चर्च याच मातेला वाहिलेले आहे. त्याआधी पाचच दिवसांपूर्वी जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण होऊन गेला होता. अशा सणासुदीच्या आठवड्यात गोमंतकीय माणूस आयुष्यात प्रथमच प्रौढ मतदानाने आपली विधानसभा निवडण्यासाठी घराबाहेर पडला. पोर्तुगीज राजवट संपून तेव्हा दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या भूमीवर साडेचारशे वर्षे दूरच्या लिस्बनहून कारभार हाकला गेला, त्या भूमीवरील कुळाला आणि भाटकाराला, पाद्रीला आणि भटजीला, त्या दिवशी सारखेच एक मत होते.

या निवडणुकीची, आणि तिच्या पोटातून जन्मलेल्या १९६७ च्या जनमत कौलाची, कथा आपण महाराष्ट्रातील मराठी भाषक कॅथलिकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे. आपला धर्म एक, भाषा दुसरी आणि राजकीय मत तिसरेच असू शकते, हे आपण रोजच्या जीवनात अनुभवतो. परंतु निवडणुका आल्या की 'ख्रिस्ती मते' नावाचे एक गाठोडे बांधले जाते आणि ते कोणाच्या खांद्यावर जाणार, याचे हिशेब सुरू होतात. हे गाठोडे खरोखर असते काय? गोव्याच्या त्या चार वर्षांत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी दिलेले आहे.

दोन गोवे

गोव्याचा निवडणूक निकाल समजण्यासाठी गोव्याचा नकाशा आधी समजावा लागतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात जिंकलेला भाग म्हणजे तिसवाडी, बारदेस, सासष्टी आणि मुरगाव. यांना 'जुन्या काबिजादी' म्हणतात. धर्मांतरे झाली ती मुख्यतः येथे. देवळे पाडली गेली तीही येथेच, आणि इतिहास लिहिताना धर्मगुरूनेही ते लपवू नये. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना भक्तांनी नदीपलीकडे फोंडा परिसरात नेले, ते याच काळात.

फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण हे तालुके मात्र पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तत्पूर्वीच, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसई घेतली होती आणि उत्तरेकडील समृद्ध प्रांत पोर्तुगिजांनी गमावला होता. आपल्या वसईचा आणि गोव्याच्या 'नव्या काबिजादीं'चा इतिहास असा मागेपुढे चालतो. या नव्या मुलखात सक्तीचा जुना आवेश उरलेला नव्हता. देवळे टिकली, जत्रा टिकल्या, कीर्तन आणि दशावतार टिकले, आणि त्यांच्यासोबत मराठीही टिकली. जुन्या काबिजादींतील कॅथलिक समाजात प्रार्थना आणि गाणी कोंकणीत, रोमी लिपीत होत राहिली. शिकलेल्या वरच्या वर्गाने पोर्तुगीज आपलीशी केली.

म्हणून १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला तेव्हा एका छोट्या प्रदेशात दोन वेगवेगळ्या स्मृती नांदत होत्या. एकीला महाराष्ट्र हे माहेर वाटत होते. दुसरीला तेच महाराष्ट्र अनोळखी, विशाल आणि गिळून टाकणारे वाटत होते.

सिंह आणि हात

मुक्तीनंतर घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा संघप्रदेश झाला आणि १९६३ च्या कायद्याने त्याला तीस सदस्यांची विधानसभा मिळाली. अठ्ठावीस जागा गोव्याच्या, एक दमणची आणि एक दीवची. गोवा केंद्राच्या छत्राखाली वेगळा राहावा की शेजारच्या राज्यात मिळून जावा, हाच प्रश्न सर्वांच्या ओठांवर होता. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले होते. भाषावार प्रांतरचनेच्या त्या उत्साहात मराठी मनाला गोव्याचे विलीनीकरण ही त्याच लढ्याची पुढची पायरी वाटली, तर त्यात नवल नव्हते.

विलीनीकरणाचा पुरस्कार करण्यासाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला. त्याचे नेते दयानंद बांदोडकर, लोकांचे 'भाऊसाहेब', हे खाण व्यवसायात संपत्ती मिळवलेले, पण उच्चवर्णीयांच्या पंक्तीत ज्यांना स्थान नव्हते अशा समाजातून आलेले गृहस्थ होते. पक्षाचे चिन्ह सिंह होते. विलीनीकरणाला विरोध करणारे गट एकत्र येऊन युनायटेड गोवन्स पक्ष झाला. त्याचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा यांनी केले आणि हात हे त्याचे चिन्ह होते. तिसरा पक्ष काँग्रेसचा. स्वातंत्र्याचे वलय, पंडित नेहरूंचे नाव आणि केंद्रातील सत्ता असे सारे त्याच्यापाशी होते.

निकाल लागला तेव्हा दिल्लीने डोळे चोळले. मगो आणि त्याच्या पाठिंब्याने निवडून आलेले मिळून सोळा. युनायटेड गोवन्स बारा. काँग्रेसला केवळ एक जागा, तीही दमणची. गोव्याच्या अठ्ठावीस जागांपैकी एकही काँग्रेसला मिळाली नाही. स्वतः बांदोडकर या निवडणुकीत उमेदवार नव्हते, तरी २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि पुढे पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. डॉ. सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले.

पहिला अर्थ आणि त्याच्या खालचा अर्थ

निकालाचा पहिला अर्थ सर्वांनी चटकन लावला : हिंदू मते मगोकडे, ख्रिस्ती मते युनायटेड गोवन्सकडे. नकाशाही तसाच दिसत होता. मगोचे बळ नव्या काबिजादींत, विरोधकांचे जुन्या काबिजादींत. तेव्हापासून आजपर्यंत अनेक लेखांत हे वाक्य सुभाषितासारखे येत राहिले आहे.

ते पूर्ण खोटे नाही, पण अपुरे आहे. नव्या काबिजादींतील शेतमजूर, कूळ आणि मुंडकार मगोकडे गेला तो केवळ मराठीच्या ओढीने नव्हे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून राहणारा माणूस. पायाखालची जमीन त्याची नाही, आणि मालकाची मर्जी फिरली तर डोक्यावरचे छप्परही त्याचे नाही. पोर्तुगीज गेले तरी भाटकार तेथेच होता. या माणसाला बांदोडकरांत आपला कैवारी दिसला. कूळवहिवाटीचा कायदा १९६४ मध्ये झाला आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती, त्यांच्या मुलांच्या हाती ती आली. या माणसाच्या दृष्टीने सिंहावरील शिक्का हा आधी स्वाभिमानाचा होता, विलीनीकरणाचा नंतर.

आता कॅथलिक बाजू पाहू. सासष्टी आणि बारदेसमध्येही कुळे होती, मुंडकार होते, माडावर चढणारे रेंदेर होते, दर्यावर जाणारे खारवी होते. त्यांचे दुःख हिंदू कुळाच्या दुःखाहून वेगळे नव्हते. परंतु विलीनीकरणाच्या भयाने भाटकार आणि मुंडकार एकाच चिन्हाखाली उभे राहिले. भयाला वर्गभेद कळत नाही. डॉ. सिक्वेरांच्या पक्षाने गोव्याची अस्मिता राखली, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे, पण मुंडकाराचा प्रश्न मगोने जितक्या जोराने उचलला तितका त्या पक्षाने उचलला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आपण अल्पसंख्य आहोत ही जाणीव कधी कधी आपल्याच घरातील गरिबाचा आवाज दाबून टाकते.

शिवाय 'हिंदू पक्ष, ख्रिस्ती पक्ष' ही वाटणी व्यक्तींच्या पातळीवरही टिकत नाही. त्याच दिवशी झालेल्या लोकसभेच्या मतदानात पणजी मतदारसंघातून मगोच्या गोटातून निवडून आले ते पीटर अल्वारिस : प्रजा समाजवादी, गोवा मुक्तिसंग्रामातील नेते आणि कॅथलिक घराण्यातील. बांदोडकरांच्या तिघांच्या पहिल्या मंत्रिमंडळात विठ्ठल करमली यांच्या जोडीला टोनी फर्नांडिस होते. गाठोड्याची गाठ पहिल्याच दिवशी सैल झाली होती.

विधानसभेचा ठराव की लोकांचा कौल

जानेवारी १९६५ मध्ये गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला. पाठोपाठ महाराष्ट्र विधिमंडळानेही त्याच आशयाचा ठराव केला. बहुमत स्पष्ट होते. लोकशाहीत याहून अधिक काय हवे, असा मगोचा रास्त सवाल होता.

डॉ. सिक्वेरांचा युक्तिवाद निराळा होता. पाच वर्षांसाठी सरकार निवडण्याचा अधिकार मतदाराने आमदाराला दिला आहे, पण प्रदेशाचे अस्तित्वच पुसून टाकण्याचा अधिकार दिलेला नाही. सरकार चुकले तर पाच वर्षांनी बदलता येते. एकदा विलीन झालेला प्रदेश पुन्हा वेगळा होत नाही. म्हणून हा प्रश्न थेट लोकांना विचारावा. पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण जपण्याचे आश्वासन दिले होते. २७ मे १९६४ रोजी ते निवर्तले, पण त्यांच्या शब्दाची आठवण दिल्लीत जिवंत होती. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला.

मगो सरकार सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप आला. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. नोकरीधंद्यासाठी मुंबईत आणि अन्यत्र राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्यावे, ही सिक्वेरांची मागणी मात्र मान्य झाली नाही. मुंबईच्या कुडांमधून गावच्या संताचे सण साजरे करणाऱ्या हजारो गोवेकरांनी तो निर्णय दुरूनच पाहिला. दोन्ही बाजूंनी काही मिळवले, काही सोडले. नियम ठरले आणि ते दोघांनीही पाळले.

कौलाचा दिवस ठरला १६ जानेवारी १९६७. बाणावलीचे सुपुत्र जोसेफ वाझ १७११ मध्ये याच तारखेला श्रीलंकेत कँडी येथे देवाघरी गेले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि आज १६ जानेवारी हा त्यांचा सण आहे. विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती.

मराठीतून विलीनीकरणाला विरोध

या प्रचाराचा एक पैलू मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावा. विलीनीकरणाविरुद्धचे अतिशय धारदार लेखन मराठीत झाले. मडगावहून निघणाऱ्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाचे संपादक चंद्रकांत केणी होते. त्यात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर येई आणि हिंदू वाचकाच्या मनापर्यंत ते पोहोचे. समोर दैनिक 'गोमन्तक' तितक्याच तळमळीने विलीनीकरणाची बाजू मांडत होते. रवींद्र केळेकर, मनोहरराय सरदेसाय, गायक उल्हास बुयांव ही विरोधी बाजूची माणसे हिंदू होती. मराठीवर प्रेम करणे आणि महाराष्ट्रात विलीन होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्यांनी गावोगाव पटवून दिले.

सामान्य माणसाचे प्रश्न आणखी रोखठोक होते. सरकारी नोकऱ्या मुंबईच्या स्पर्धेत टिकतील काय? महाराष्ट्रातील दारूबंदी येथे आली तर रेंदेराने काय करावे? आणि गोवा एक जिल्हा झाला, तर भाऊसाहेब मुख्यमंत्री कसे राहतील? शेवटचा प्रश्न भाऊसाहेबांच्याच अनुयायांना पडत होता.

मतदारयादीत ३,८८,४३२ नावे होती. ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सुमारे ८२ टक्के मतदारांनी, मत दिले. दोन पानांना १,७२,१९१ मते मिळाली, फुलाला १,३८,१७०. अवैध मते ७,२७२. फरक ३४,०२१ मतांचा.

आता आपण एक सोपे गणित करू. गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती तेव्हा चाळीस टक्क्यांहून कमी होते. तरी चाळीस टक्केच धरू. यादीतील चाळीस टक्के म्हणजे सुमारे १,५५,०००. यांतील प्रत्येकाने, आजाऱ्याने आणि वृद्धानेही, मतदान केले आणि एकूणएक मत दोन पानांना दिले असे मानले, तरी १,७२,१९१ चा आकडा गाठता येत नाही. किमान सतरा हजारांच्या आसपास मते हिंदू आणि अन्य बांधवांची असलीच पाहिजेत. प्रत्यक्षात ती याहून बरीच अधिक असणार, कारण शंभर टक्के मतदान कोठेच होत नसते. आणि ३४,०२१ च्या फरकात सतरा हजारांवर आणखी थोडी माणसे दुसरीकडे वळली असती, तर निकाल उलटला असता. म्हणजे गोव्याचे वेगळेपण कॅथलिकांनी एकट्याने राखले नाही, आणि त्यांना एकट्याने राखताही आले नसते. शेजारच्या हिंदू घराने हात दिला म्हणून ते राहिले. अल्पसंख्य समाजाने हे गणित विसरू नये.

दोन महिन्यांनंतर

खरा धडा पुढे आहे. २८ मार्च १९६७ रोजी विधानसभेची दुसरी निवडणूक झाली. जानेवारीत ज्याची मुख्य मागणी फेटाळली गेली, त्या मगोचा सफाया होईल असे कोणालाही वाटले असते. निकाल काय लागला? मगो सोळा, युनायटेड गोवन्स बारा, अपक्ष दोन. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. पुढे १९७२ मध्येही त्यांचाच पक्ष जिंकला, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मृत्यू आला तेव्हा ते मुख्यमंत्रिपदीच होते.

एकाच मतदाराने दोन महिन्यांत दोन परस्परविरोधी निर्णय दिले काय? नाही. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आणि त्याने दोन वेगळी उत्तरे दिली. गोवा गोवाच राहावा, हे एक. राज्य मात्र भाऊसाहेबांनी करावे, हे दुसरे. पंडितांना जे वेगळे करता आले नाही, ते शेतातून उठून आलेल्या माणसाने वेगळे केले. बांदोडकरांनीही कौल शिरोधार्य मानला आणि ज्या गोव्याचे वेगळे अस्तित्व आपल्याला नको होते, त्याच गोव्याचा कारभार मन लावून केला. पराभव पचवून लोकांची सेवा करणारा नेता लोकशाहीला जेत्याइतकाच हवा असतो.

भाषा कोणाच्या धर्माची

राहता राहिला भाषेचा प्रश्न, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. मराठी हिंदूंची, कोंकणी ख्रिस्तींची, अशी समजूत त्या काळात घट्ट झाली. १९८६ च्या भाषा आंदोलनात काही माणसे प्राणांस मुकली. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, त्यात देवनागरीतील कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. रोमी लिपीत वाचणाऱ्या कॅथलिकांच्या मनात मात्र सल राहिला. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

परंतु चारशे वर्षांपूर्वी याच सासष्टीत एका इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने ही समजूत आधीच खोडून ठेवली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, ते मराठीत, ओवीछंदात. त्याच स्टीफन्स यांनी कोंकणीचे व्याकरण लिहिले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच धर्मगुरूची लेखणी दोन्ही भाषांत चालली आणि त्याला त्यात विसंगती दिसली नाही. १६८४ मध्ये राजसत्तेने फर्मान काढून लोकांची बोली मोडायचा यत्न केला. ते फर्मान दप्तरात राहिले आणि भाषा लोकांच्या मुखी राहिली. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या, चर्चमध्ये मराठीत मिस्सा ऐकणाऱ्या वसईकराला हे वेगळे सांगायला नको.

योगायोग असा की गोव्यात ही चळवळ चालू असतानाच रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली होती. ७ डिसेंबर १९६५ रोजी तिने आधुनिक जगातील चर्चविषयीचा दस्तऐवज संमत केला. चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, आणि नागरिक म्हणून ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या विवेकाने सार्वजनिक जबाबदारी उचलावी, अशी त्याची शिकवण आहे. वेदीवरून दिशा दाखवावी ती न्यायाची, गरिबाच्या कैवाराची आणि सत्याची. चिन्ह कोणते निवडावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

म्हणून पुढच्या निवडणुकीत कोणी आपल्या दारी येऊन 'तुमच्या समाजाची मते कोणाला?' असे विचारील, तेव्हा त्याला गोव्याचे हे आकडे सांगावेत. समाज प्रार्थनेला एकत्र येतो, मत मात्र एकेका माणसाचे असते. ते देताना त्याने भाटकाराकडे पाहिले की मुंडकाराकडे, एवढेच अखेरीस देव विचारणार आहे.